ओट्याची उंची

निरीक्षक शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा त्यांच्या हातात पाच मीटरची पोलादी टेप होती, कानावर पेन्सिल होती आणि चेहऱ्यावर छापा घालायला निघाल्याचा भाव होता. भाव नवा नव्हता. वजनमापे खात्यात उभी हयात गेलेली. दुकानात शिरायचं, तराजू उचलून बघायचा आणि दुकानदाराचा चेहरा उतरताना बघायचा, यातच आयुष्याची दुपार कलली होती. फरक इतकाच, की आज समोर दुकानदार नव्हता, बायको होती, आणि तिचा चेहरा काही केल्या उतरत नव्हता.

"चहा होऊ द्या, मग घ्या काय मापं घ्यायची ती," ती म्हणाली. "आत्ता मध्ये येऊ नका."

"मी मध्ये कुठे आहे? कोपऱ्यात आहे."

"या स्वयंपाकघरात कोपरा म्हणजेच मध्ये."

हे खरं होतं, आणि म्हणूनच स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं होतं. कंपनी ठरली, कपाटांचा रंग ठरला, तो दोनदा बदलला, पुन्हा पहिलाच ठरला. दोन दिवसांपूर्वी कंपनीचा माणूस येऊन मापंही घेऊन गेला. निरीक्षक तेव्हा कचेरीत होते. त्या माणसाने म्हणे काडेपेटीएवढं एक यंत्र भिंतीवर रोखलं, लाल ठिपका पाडला, आकडे लिहून घेतले आणि दिलेला चहा अर्धा टाकून निघून गेला. भिंतीला हात न लावता भिंतीचं माप! संध्याकाळी हे ऐकल्यापासून निरीक्षकांच्या जिवाला चैन नव्हतं. मापात पाप कुठे दडलेलं असतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तेव्हा संपूर्ण स्वयंपाकघराचं स्वतः माप घ्यायचं, स्वतः नकाशा काढायचा आणि कंपनीच्या नकाशाशी ताडून बघायचा, असं त्यांनी जाहीर केलं. घरात कोणी हरकत घेतली नाही. कोणी मागणीही केली नव्हती.

कंपनीला खरं म्हणजे एकच आकडा हवा होता. तिथल्या डिझायनर बाईंनी तो तीनदा मागितला होता.

"बाकी सगळं आहे आमच्याकडे. ओट्याची उंची तेवढी राहिलीय," त्या म्हणाल्या होत्या. "ती घरच्यांनीच सांगायची असते. जे कोणी जास्त वेळ उभं राहणार त्यांना ताठ उभं करा, हात कोपरात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून पंधरा सेंटिमीटर वजा करा. झालं. शनिवारी दुपारी फोन करते, कारण त्यानंतर खालची कपाटं कापायला जातात. एकदा कापलं की कापलं."

झालं, म्हणे. बाईंना घरात कोण आहे ते माहीत नव्हतं.

घरात निरीक्षकांची आई होती, ती त्यांच्या छातीपर्यंत पोचत नसे. आणि बायको होती, ती आईला मिठी मारायची वेळ आलीच तर हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवू शकली असती. तशी वेळ अजून आली नव्हती. दोघी एकाच ओट्याशी वर्षानुवर्षं उभ्या राहत होत्या. आईला तो उंच पडे, म्हणून ती लाकडी ठोकळ्यावर चढून कढईत डोकावे. बायकोला तो बुटका पडे, म्हणून ती वाकून चिरे आणि संध्याकाळी कमरेला पट्टा बांधून बसे. आईच्या मापाने ओटा केला तर बायको म्हणणार, घरात माझं स्थान काय ते कळलं. बायकोच्या मापाने केला तर आई काहीच म्हणणार नाही, आणि ते न म्हणणं निरीक्षकांना पुढची दहा वर्षं ऐकू येत राहील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका आकड्यावर घराची शांतता टांगलेली होती आणि तो आकडा सांगणं त्यांच्या वाट्याला आलं होतं.

म्हणून ते बाकी सगळं मोजत होते.

त्यांनी खिडकी मोजली. खिडकीची चौकट वेगळी मोजली. नळ जमिनीपासून किती, सांडपाण्याचं तोंड भिंतीपासून किती, विजेची बटणं एकमेकांपासून किती. दार किती उघडतं, आणि मागे पिठाचा डबा असताना किती उघडतं. आलेखाच्या कागदावर त्यांनी चारही भिंती समोरून काढल्या, मग वरून दिसणारं स्वयंपाकघर काढलं, त्यात गॅसची शेगडी चार गोलांसकट दाखवली आणि एका कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला.

"बाण कशाला?" बायकोने मागून विचारलं.

"नकाशाला दिशा लागते."

"आपल्याला फ्रीजपर्यंत जायचंय, बोट हाकायची नाहीये."

ओट्याच्या चित्रात उंचीची रेघ काढली होती. तिला वर एक टोक, खाली एक टोक, मधली जागा मोकळी. निरीक्षक त्या मोकळ्या जागेकडे बघत आणि उठून पुन्हा खिडकी मोजायला जात.

त्यात आणखी एक काटा रुतला. ओट्यामागची भिंत टोकापासून टोकापर्यंत एक आकडा सांगत होती, आणि तिचे तुकडे, म्हणजे खिडकीच्या डावीकडचा, खिडकी आणि उजवीकडचा, एकत्र केले तर सव्वा सेंटिमीटर कमी भरत होते. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. त्यांनी वरून मोजलं तर फरक वाढला, खालून मोजलं तर नाहीसा झाला, आणि मधून मोजलं तर भिंतच जास्त निघाली. सव्वा सेंटिमीटरसाठी त्यांनी एका कापडवाल्याचं दुकान सीलबंद केलं होतं. स्वतःच्या घराला काय करायचं याची तरतूद कायद्यात नव्हती. टेप सटकन आत गेली आणि त्यांच्या बोटाला चावली.

बोट चोखत ते हॉलमध्ये गेले, परत आले, पुन्हा गेले. आई शेंगा सोलत बसली होती.

"व्यालेल्या मांजरीसारखा काय घरभर फिरतोयस?" ती म्हणाली. "बस एका जागी."

निरीक्षकांना वाटलं, हीच संधी आहे. निदान आकडे तरी गुपचूप मिळवून ठेवावेत. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

"आई, जरा उभी राहतेस? सहज."

"सहज कोणी उभं राहतं होय या वयात?"

"पाठ ताठ. हात असा वाकव."

आई उभी राहिली. निरीक्षक गुडघ्यावर बसले आणि तिच्या टाचेशी टेप लावली. आईने खाली वाकून बघितलं.

"माझं कसलं माप घेतोस रे? अजून अवकाश आहे त्याला."

"स्वेटर आणायचाय तुला."

"कोपरापासून जमिनीपर्यंतचा? मला शेपटी फुटली का?"

एक्क्याण्णव. निरीक्षकांनी आकडा मनात धरला आणि शेंगांच्या टोपलीला पाय न लावता माघार घेतली. बायकोचं माप याहून अवघड गेलं. ती गच्चीत दोरीवर चादर टाकत होती, हात वर होते, आणि ते खाली यायची वाट बघत निरीक्षक टेप घेऊन मागे उभे राहिले.

"एकशे सात," ती मागे न वळता म्हणाली.

"काय?"

"कोपराची उंची. माझी मी मोजली परवाच. वर्षानुवर्षं माझा ब्लाउज एका मापाने शिवतोय शिंपी, त्याला कधी असं मांजरासारखं मागून यावं लागलं नाही."

निरीक्षकांनी आत येऊन वजाबाकी केली. आईसाठी शहात्तर, बायकोसाठी ब्याण्णव. दोन वजनांत तफावत आली की काय करायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. हाताने आपणहून सरासरी काढली. चौऱ्याऐंशी. निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला. न्याय्य, निःपक्षपाती, कोणी बोट ठेवू शकणार नाही असा आकडा! मोकळ्या जागेत तो लिहिण्यापूर्वी केवळ कर्तव्य म्हणून त्यांनी जुना ओटा मोजला.

चौऱ्याऐंशी.

म्हणजे आजवर हे घर सरासरीवरच चाललं होतं. एकीचा ठोकळा आणि एकीचा पट्टा हे त्या न्यायाचेच दोन निकाल होते. त्यांनी खोडरबर हातात घेतलं, पण खोडायला काही लिहिलेलंच नव्हतं.

तेवढ्यात आई शेंगांचं भांडं घेऊन आत आली. तिने बाहेरचा कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, ओट्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या मापाने कर."

"आणि तू?"

"माझं काय राहिलंय आता! तिला वाकावं लागतं बिचारीला. उंच कर चांगला. भरपूर उंच कर."

आईचा त्याग निरीक्षकांनी आयुष्यभर पाहिला होता आणि त्याची वसुलीही पाहिली होती, पण हा त्याग साधा, विनाअट वाटला. ते भारावून गच्चीत गेले. बायको रिकामी बादली उचलत होती.

"मी काय म्हणते," तिने आपणहून सुरुवात केली, "ओटा आईंच्या मापाने करा."

"अगं, पण तुझी कंबर..."

"माझं चालतं हो. आई त्या ठोकळ्यावरून पडल्या तर? या वयात हाड मोडलं तर जुळत नाही. चांगला खाली घ्या. आणखी दोन बोटं खाली घेतलात तरी माझं काही म्हणणं नाही."

निरीक्षकांना क्षणभर वाटलं की आपण फार थोर घरात राहतो. दुसऱ्या क्षणी खात्यातला माणूस जागा झाला. दोन व्यापारी जेव्हा एकमेकांच्या तराजूची तारीफ करतात, तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असतं. त्यांचं मन पुन्हा येरझाऱ्या घालू लागलं आणि मागोमाग पायही. शेवटी, लग्नानंतर जे त्यांनी कधीही केलं नव्हतं ते त्यांनी केलं. दोघींना एका वेळी एका खोलीत बोलावलं.

"आई म्हणते तुझ्या मापाने करा. तू म्हणतेस आईच्या मापाने करा. दुपारी फोन येईल. एकीने काय ते सांगा."

आई आणि बायको यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं.

"आई, तुम्ही असं म्हणालात?" बायकोने विचारलं.

"म्हणाले. तुझ्या भल्यासाठीच म्हणाले."

"माझ्या भल्यासाठी! ओटा माझ्या उंचीचा झाला म्हणजे तुमचा हात पुरणार नाही, असंच ना?"

"नाही पुरला तर नाही पुरला," आई म्हणाली. तिने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. "मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला चुलीपुढे बसवलं, ती अजून उठलेले नाही. रोज म्हणते, आज सांगेन, मला पुरे झालं. सांगवत नाही. सांगितलं की मग सगळे म्हणतात, काय दुखतंय? काही दुखत नाही! कंटाळा आलाय. उंच ओटा झाला असता तर न बोलता सुटले असते."

"म्हणजे माझ्या गळ्यात."

"तू तरुण आहेस."

"तरुण? मी पन्नाशीला आलेय, आई. दिवसभर प्रयोगशाळेत उभी असते, लोकांचं रक्त तपासते. संध्याकाळी घरी आले की कांदा. मला वाटलं, ओटा बुटका झाला की डॉक्टरांची चिठ्ठीच मिळेल, कंबर आहे, जमायचं नाही. मीही सांगणार नव्हते कोणाला."

"म्हणजे माझ्या गळ्यात!"

"तुमच्या गळ्यात तो आधीपासूनच आहे."

हे फार झालं, हे बायकोलाही कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता. निरीक्षकांनी घाईघाईने शहाणपण काढलं.

"अगं, दोन उंच्यांचा करता येतो ओटा! अर्धा असा, अर्धा तसा. डिझायनर बाई म्हणाल्या होत्या."

यावर दोघी एकदम वळल्या. सासूसुनेत एकमत झालेलं निरीक्षक पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते आपल्या विरुद्ध होतं हे समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"दोन ओटे म्हणजे दोघी अडकल्या," आई म्हणाली.

"एक असला तर एकीला तरी सुटायची आशा असते," बायको म्हणाली.

"मग मी काय करू?" निरीक्षक म्हणाले. "मला काय, कुठलीही उंची चालेल."

दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं सीलबंद झालेल्या कापडवाल्यानेही पाहिलं नसेल.

"चालेलच," बायको म्हणाली. तिने चप्पल पायात सरकवली आणि ती खाली फिरायला गेली. आईने खोलीत जाऊन पलंगावर पाठ टेकली आणि तोंड भिंतीकडे केलं. शेंगा अर्ध्या सोललेल्या राहिल्या.

घर शांत झालं. निरीक्षकांना हीच शांतता हवी होती असं नव्हतं. ते टेबलाशी बसले, उठले, नकाशावरची उत्तर दिशा गडद केली. जेवणाची वेळ झाली. जेवणाच्या वेळेला एक वास असतो, तो कुठून येतो याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आज तो आला नाही. आईच्या दाराशी जाऊन ते खाकरले.

"आई, जेवायचं..."

"भूक नाही मला," भिंत म्हणाली.

तेव्हा त्यांनी बटाटे घेतले. बटाट्यात कोणाला काय कळायचंय, असं त्यांचं मत होतं. सोलायला सुरी घेतली आणि ते ओट्याशी उभे राहिले. उभे राहिले म्हणजे आधी ताठ राहिले, तेव्हा बटाटा दूर राहिला. मग वाकले. मग पाय फाकवले, पाणी प्यायला नदीवर आलेल्या जिराफासारखे. पहिल्या बटाट्याला पाठ काही बोलली नाही. दुसऱ्याला तिने विचारणा केली. चौथ्याला ती स्पष्ट बोलू लागली. सोललेल्या बटाट्यात बटाटा कमी आणि सालीत जास्त उरला होता. ही तूट कुठल्याही दुकानदाराला महागात पडली असती. भात लावायला त्यांनी पाणी घेतलं, पण तांदळाला पाणी किती, हे एवढं एक माप त्यांना येत नव्हतं. अंदाजाने घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी अंदाजाने केलं, आणि ते उतू गेलं.

ते शेगडी पुसायला वाकले आणि सरळ होताना अर्ध्यातच थांबले. कमरेत चमक भरली होती. एक हात ओट्यावर, एक हात पाठीवर, अशा अवस्थेत ते त्या मोकळ्या रेघेकडे बघत राहिले. नकाशा पाण्याच्या नळाला टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर भाताची पेज पसरत चालली होती. रोज दोन वेळा, त्यांच्या मनात आलं. आणि चहा वेगळा.

त्यांनी हळूहळू कंबर सरळ केली. टेप काढली. टेपचं टोक चपलेच्या टाचेखाली दाबलं, हात कोपरात वाकवला, दुसऱ्या हाताने पट्टी वर ओढली. एकट्याने स्वतःचं माप घेणं कठीण असतं, पट्टी सारखी निसटते. तिसऱ्या वेळेला जमलं. एकशे अठरा.

फोन वाजला तेव्हा दारात दोघी उभ्या होत्या. बायको जिन्यातच करपल्याचा वास लागून वर आली होती आणि आई वासानेच उठली होती. दोघींपैकी कोणीही आत आलं नाही. शेगडीवर काय चाललंय हे त्यांना दिसत होतं, आणि हात पुढे करावा म्हणून दोघींची बोटं वळवळत होती, हेही निरीक्षकांना दिसत होतं.

"बोला, काय ठरली उंची?" डिझायनर बाईंनी विचारलं.

"आधी एक सांगा. तुमच्या मापात मागची भिंत सव्वा सेंटिमीटरने..."

"सगळ्यांच्या भिंती वाकड्या असतात हो. फरशीमागे जातं ते. उंची?"

निरीक्षकांनी कागदावरची पेज अंगठ्याने पुसली.

"एकशे तीन."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"एकशे तीन? अहो, एवढा उंच आम्ही अजून केलेला नाही. घरातल्या बायकांना त्रास होईल. त्यांना विचारलंत ना?"

निरीक्षकांनी दाराकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. बायको चौकटीला टेकून उभी होती. या घरात निरीक्षकांनी सांगितलेला कुठलाही आकडा, मग तो पाहुण्यांचा असो की पगारवाढीचा, आजवर दुरुस्त झाल्याशिवाय राहिला नव्हता. आज दोघी गप्प होत्या. निरीक्षकांना एकदा वाटलं, ब्याण्णव म्हणून टाकावं, अजून वेळ आहे. तोंड उघडलंही. तेवढ्यात मागे भाताच्या झाकणाने थडथड सुरू केली, त्यांनी वळून गॅस बारीक केला, आणि वाकताना पाठीने पुन्हा आठवण करून दिली.

"एकशे तीनच," ते म्हणाले.

"बदलता येणार नाही नंतर."

"नको."

"ठीक आहे. मग उंचीपुढे वापरणाऱ्याचं नाव घालावं लागतं मला, कारखान्यात विश्वास बसत नाही. काय लिहू?"

"लिहा ना, घरचे."

"घरचे नाही," बायको दारातून म्हणाली. "नीट नाव सांगा."

निरीक्षकांनी नाव सांगितलं. मग सवयीने हुद्दाही सांगितला.